विहिरीचं पाणी तपासताय? या चुका टाळा

नवी पोरं किट घेऊन मळ्यात शिरतात आणि रामराम व्हायच्या आत सांगतात, "तुमच्या विहिरीचं पाणी तपासायचंय." शेतकऱ्याला ऐकू येतं, "तुमच्या विहिरीत काहीतरी खोट आहे." निम्मं काम तिथंच बिघडतं.

मालकाच्या आधी गावाला सांगणं

ही चूक मी स्वतः केलीय. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात एका वस्तीवर नऊ विहिरींचे नमुने घेतले होते. आबांच्या विहिरीत नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळलेलं नत्राचं रूप, निघालं ७२ मिलिग्रॅम प्रति लिटर. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५. उत्साहाच्या भरात मी नऊही आकडे नावासकट वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. आबांचं आणि धाकट्या भावाचं बांधावरून जुनं वैर. दिवस मावळायच्या आत भाऊ मोबाईल नाचवत हजर: "तुझ्या उकिरड्यानं माझी विहीर नासली!" वास्तविक युरिया, शेणखत, शोषखड्डा, कशानंही नायट्रेट वाढतं, एका नमुन्यावरून कारण कळत नाही. पण ते ऐकून घ्यायला कोण थांबलंय?

पुढच्या महिन्यात आबांकडे "लाईट नाही", शेजारी "स्टार्टर जळालाय", तिसऱ्या मळ्यात कुत्रं मोकळं. नऊपैकी दोन विहिरी उरल्या.

आता मी कागद आधी मालकाच्या हातात देतो, तोही घरातल्या बाईसमोर, कारण प्यायचं पाणी तीच भरते. वरचं दूध पिणारं तान्हं बाळ आहे का, हे विचारतो. जास्त नायट्रेटचा मोठा धोका त्यालाच. "उकळून घेऊ की" म्हणाले तर तिथंच थांबवतो. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटेल तसं वाढतं. त्या विहिरीवर दुसरं घर पाणी पीत असेल तर त्याच दिवशी मालकाला बरोबर घेऊन तिथं जातो. मग फायद्याचं बोलतो: ७२ नायट्रेटचं पाणी एकराला तीन इंच दिलं, तर पाण्यातूनच साधारण ५ किलो नत्र जातं, म्हणजे सुमारे ११ किलो युरिया. एवढं ऐकलं की माणूस खुर्ची पुढं ओढतो.

ग्रुपवर मात्र काहीच टाकत नाही. नऊ विहिरींच्या वस्तीत नाव झाकून काय झाकणार?

खिशातल्या टीडीएस पेनावर निकाल देणं

याचा मला खरोखर वैताग आहे. पेन बुडवायचा, आकडा बघायचा, "पाणी झकास" म्हणून मोकळं व्हायचं. तो पेन पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. नायट्रेट किती, जंतू आहेत का, यातलं त्याला काही कळत नाही. उद्या प्रयोगशाळेनं उलटं सांगितलं की तुमच्या शब्दाला त्या घरात किंमत उरत नाही.

बाकीच्या

मोटर दहा मिनिटं चालू द्या, मग बाटली भरा. औषधाची जुनी बाटली धुऊनसुद्धा वापरू नका. तारीख आणि विहीर बाटलीवर तिथंच लिहा, घरी जाऊन नाही. लाईटची पाळी विचारून जा. रात्रीची असेल तर रात्री जा, कुरकुर नको.

आणि मागच्या खेपेचा कागद दिल्याशिवाय नवी बाटली भरायला जाऊ नका. आबांनी मला पुन्हा मळ्यात घेतलं ते दीड वर्षानं. तेव्हाही आधी म्हणाले, "मोबाईल कुठाय? ठेव त्या कट्ट्यावर."