'फोर्क: रिट्राय' दिसलं की लगेच लिमिट वाढवू नका

दादरच्या आमच्या क्लासमध्ये उबुंटूचं एक मशीन आहे. मुलं आपापल्या लॅपटॉपवरून एसएसएचने (दूरच्या मशीनमध्ये लॉगिन करायची सोय) त्यात शिरतात आणि प्रॅक्टिकल करतात. एका संध्याकाळी फाइलींची यादी दाखवणारी साधी 'एलएस' कमांड मारली तरी उत्तर एकच: 'फोर्क: रिट्राय: रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल', म्हणजे नवी प्रोसेस सुरू करता येत नाही. मुलांनी आधी रॅम बघितली, तर निम्मी रिकामी. रीस्टार्ट केलं, तासाभरात पुन्हा तेच.

रॅम संपली तर लिनक्स सहसा 'कॅनॉट अलोकेट मेमरी' म्हणतो. वरचा मेसेज बहुतेक वेळा एका युजरला किती प्रोसेस चालवता येतील, या लिमिटचा असतो. 'यूलिमिट -यू' ने ती दिसली: 1000. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या 'पीएस'मध्ये मात्र प्रोसेस जेमतेम शंभर-सव्वाशे!

इथेच बहुतेक जण फसतात. नाव प्रोसेस लिमिटचं असलं तरी लिनक्स मोजतो थ्रेड (एका प्रोसेसच्या आत एकाच वेळी चालणारी कामं), आणि तेही युजरवार, त्याची सगळी लॉगिन्स मिळून. 'पीएस'ला '-एल' जोडून पाहिल्यावर आकडा हजाराला टेकलेला दिसला. सगळी मुलं एकाच अकाउंटने आत आली होती आणि प्रत्येकाच्या एडिटरचे डझनावारी थ्रेड त्या एकाच खात्यावर चढत होते. प्रत्येकाला वेगळं अकाउंट दिलं, प्रश्न मिटला. लिमिट 'अनलिमिटेड' केली असती, तर एखाद्याच्या चुकलेल्या लूपने अख्खं मशीन आडवं केलं असतं.

लिमिट खरंच वाढवायची असेल तर 'लिमिट्स डॉट कॉन्फ'मध्ये 'एनप्रॉक'ची (हीच ती लिमिट) सॉफ्ट म्हणजे चालू मर्यादा आणि हार्ड म्हणजे कमाल मर्यादा, अशा दोन्ही ओळी बदला. बदलून त्याच टर्मिनलवर तपासू नका. ही फाइल लॉगिनच्या वेळी वाचली जाते, म्हणून पूर्ण लॉगआउट करा. सिस्टमडीने (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) चालू केलेल्या सर्व्हिस ती फाइल बघतच नाहीत, त्यांच्या युनिट फाइलमध्ये 'लिमिटएनप्रॉक' लिहावं लागतं. 'सुडो यूलिमिट' चालत नाही, कारण यूलिमिट ही शेलच्या आतली कमांड आहे.

एवढं करूनही अडलं, तर कर्नलचे मेसेज दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये 'फोर्क रिजेक्टेड बाय पिड्स कंट्रोलर' शोधा. ते सापडलं तर अडसर बहुधा सिस्टमडीच्या 'टास्क्समॅक्स' या वेगळ्या मर्यादेचा आहे.

आणि मशीन अडलेलं असताना टर्मिनल बंद करू नका, नवं उघडेलच असं नाही. बॅश या शेलमध्ये प्रोसेस थांबवणारी 'किल' शेलच्या आतच असते, तिला नवी प्रोसेस लागत नाही. प्रोसेसचा नंबर माहीत असेल तर तिथूनच जागा मोकळी करता येते.