बिलाचा हिशेब बटणामागे नको

आपल्या इंदूरच्या मराठी मुलांना कॉलेज संपलं की पुण्याची गाडी पकडायची घाई असते. जे इथेच राहतात, त्यातले बरेच माझ्यासारखे व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एखाद्या छोट्या कंपनीत लागतात. ग्राहक कोण, तर क्लॉथ मार्केट आणि सियागंजातल्या पेढ्या. मुनीमजींना कीबोर्डवर खटाखट बिलं फाडायची असतात. माउसला हात लावावा लागला तरी त्यांच्या कपाळावर आठी. शेठचा मुलगा मात्र सुरतेला खरेदीला गेला असताना मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उधारी बघतो, जमलं तर तिथूनच बिल बनवतो. म्हणजे विंडोजवरचा जुना प्रोग्राम जिवंत ठेवायचा आणि वेबही चालवायचं. अशा वेळी बिलाचे नियम बटणामागच्या कोडमधून काढून दोन्हींसाठी एकाच जागी कसे ठेवायचे, ते सांगतो.

नव्या माणसाला पहिलं काम बहुधा हेच मिळतं: ‘डेस्कटॉपवर आहे ते वेबवर आण.’ तो ‘सेव्ह’ बटणामागचा कोड उचलतो आणि जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहितो. डेमो छान होतो. खरी परीक्षा नियम बदलतो तेव्हा. २०१७ सालापासून तयार कपड्यांवर नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५पासून ही सीमा २५०० झाली, आणि त्यावरचा दर १८ टक्के. नियम दोन जागी लिहिलेला असेल तर दोन्हीकडे बदलायचा. तिसरी जागा असते क्रेडिट नोट, म्हणजे माल परत आल्यावर ग्राहकाच्या नावे रक्कम जमा करणारा कागद, आणि ती हमखास सुटते. तिथे तर नुसता नवा दर टाकूनही भागत नाही, कारण जुन्या बिलावरचा माल परत आला तर कर जुन्याच दराने उलटतो. म्हणून कर काढणाऱ्या फंक्शनला मूळ बिलाची तारीख बाहेरून द्यावी लागते.

‘बाहेरून द्या’ हेच या कामाचं सूत्र म्हणा. जुनं फंक्शन उघडा आणि ते काय काय स्वतःहून ओढून घेतं ते बघा. टेक्स्टबॉक्समधला आकडा वाचतं का? चूक सापडली की मेसेजबॉक्स दाखवतं का? सर्व्हरवर तो मेसेजबॉक्स बघायला कोणी बसलेलं नसतं. तेव्हा फंक्शनने आकडे घ्यावेत आणि उत्तर किंवा चुकांची यादी परत द्यावी; ती लाल अक्षरांत दाखवायची की बीप वाजवायची, हे ज्याच्या त्याच्या पडद्याने ठरवावं.

घड्याळाचंही तेच. सर्व्हर बऱ्याचदा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे असतो. १ एप्रिलला पहाटे पाचला कोणी बिल केलं तर सर्व्हरच्या मते अजून ३१ मार्चच असतो, आणि बिल मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं.

सगळ्यात घातक म्हणजे स्टॅटिक व्हेरिएबल, म्हणजे अख्ख्या चालू प्रोग्रामसाठी एकच असलेली माहितीची जागा. डेस्कटॉपवर एक प्रोग्राम, एक माणूस. ‘चालू पार्टी’ स्टॅटिकमध्ये ठेवली तरी वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. वेबवर तीच जागा सगळ्यांची सामाईक होते, आणि एका व्यापाऱ्याला दुसऱ्याची उधारी दिसू शकते. चाचणी करताना आपण एकटेच लॉगिन असतो, त्यामुळे हे तेव्हा पकडीत येत नाही.

राउंड ऑफकडेही लक्ष असू द्या. १०४२.५० हा आकडा सी शार्प या (डॉटनेटवरच्या) भाषेच्या साध्या राउंड फंक्शनला दिला तर १०४२ येतात, कारण नेमका अर्धा असला की ते सम आकड्याकडे झुकतं. जावास्क्रिप्ट १०४३ देतं. जीएसटी कायद्याचं कलम १७० करासाठी पन्नास पैसे वा अधिक असल्यास पुढचा रुपया धरायला सांगतं, तेव्हा सी शार्पमध्ये तसं स्पष्ट लिहावं लागतं. नाहीतर मुनीमजी रुपयासाठी फोन करणार, “भैया, ये एक रुपया कहाँ गया?” आणि त्यांचं बरोबर असतं. रकमेसाठी फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) न वापरता डेसिमल (दशांश आकडा जसाच्या तसा साठवणारा) वापरा, हे ओघानं आलंच.

हे सगळं ठेवायचं कुठे? प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर असेल तर वेगळी क्लास लायब्ररी (इतर प्रोग्रामांना वापरता येणारा कोडचा गठ्ठा) करा आणि ती डॉटनेट स्टँडर्ड २.० वर बांधा; जुनं फ्रेमवर्क ४.७.२ आणि नवं डॉटनेट दोन्ही ती वापरू शकतात. डेस्कटॉप इलेक्ट्रॉनमध्ये (वेबच्या तंत्राने डेस्कटॉप प्रोग्राम बनवायचं साधन) असेल तर टाइपस्क्रिप्टचं, म्हणजे जावास्क्रिप्टच्याच सुधारित भाषेचं, एकच पॅकेज दोन्हीकडे चालतं. तिसरा मार्ग म्हणजे सगळे नियम सर्व्हरवर ठेवून डेस्कटॉपने फक्त विचारायचं. कागदावर हा सगळ्यात स्वच्छ, पण धनतेरसच्या संध्याकाळी नेट गेलं आणि बिल थांबलं की शेठ तुमचं आर्किटेक्चर ऐकून घेणार नाहीत. दुकानातल्या बिलिंगसाठी मी तरी लायब्ररीच निवडेन. नेटशिवाय बिल करायचं तर क्रमांकाची मालिका मात्र काउंटरागणिक वेगळी ठेवा. जीएसटीचा नियम ४६ एकाहून अधिक मालिका चालवू देतो. क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा आणि आर्थिक वर्षात दुबार येता कामा नये.

सगळंच सामाईक करायच्या नादी मात्र लागू नका. मुनीमजींचा एंटर-एंटरचा क्रम आणि मोबाइलवरचा फॉर्म एकाच साच्यात कोंबला तर दोघेही वैतागतील. ब्राउझरमध्ये जीएसटी क्रमांकाची १५ अक्षरं मोजणं ही सोय आहे, ती तिथे राहू दे. सर्व्हरने तरी पुन्हा तपासायचंच.

कोडला हात लावण्याआधी पेढीवरून जुनी, अडचणीची बिलं मागून घ्या: वटाव दिलेली, अर्धा माल परत आलेली, महाराष्ट्रातल्या पार्टीला गेलेली, म्हणजे आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) लागलेली. त्यांचे आकडे टेस्टमध्ये (कोड बरोबर उत्तर देतो का हे आपोआप तपासणाऱ्या कोडमध्ये) उतरवा आणि एकेक नियम बटणामागून हलवत जा. सुरुवात क्रेडिट नोटच्या फॉर्मपासून करा; दर, तारीख आणि राउंड ऑफ हे तिन्ही गुंते तिथे एकाच बटणामागे सापडतात.