मेगास्क्वर्ट-२ वर एक्स्ट्रा फर्मवेअर चढवताना

मेगास्क्वर्ट-२ म्हणजे इंजिनचं इंधन आणि स्पार्क सांभाळणारा कंट्रोलर, आणि एक्स्ट्रा हे त्याचं पर्यायी फर्मवेअर. आधी ट्यूनरस्टुडिओत (कंट्रोलरची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) जुनी ट्यून, म्हणजे सेटिंगची फाइल, सेव्ह करा, इग्निशन आणि रिक्वायर्ड फ्युएलचे (इंधनाच्या हिशेबाचा मूळ आकडा) स्क्रीनशॉट घ्या. आकडे नंतर हातानेच भरायचे. जुनी फाइल नव्या फर्मवेअरवर तशीच लोड करू नका.

मग इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढा. यात आळस नकोच. फ्लॅश झाल्यावर, म्हणजे फर्मवेअर चढल्यावर, सेटिंग तुमची नसतात. स्पार्क आउटपुटची दिशा उलटी असली तर कॉइलमधून करंट वाहतच राहतो. कॉइल तापते, नाहीतर ती चालवणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर जळतो.

ट्यूनरस्टुडिओ बंद करून लोडर (फर्मवेअर चढवणारा प्रोग्राम) चालवा, नाहीतर पोर्ट अडकलेलाच राहतो. मध्येच केबल सुटली तर घाबरू नका. बूट जंपर (बोर्डवरच्या दोन पिना जोडणारी छोटी क्लिप) लावून पुन्हा लोड करा आणि जंपर आठवणीने काढा.

नव्या प्रोजेक्टमध्ये थर्मिस्टर (तापमानाचे सेन्सर), टीपीएस (थ्रॉटल किती उघडा ते सांगणारा सेन्सर), एएफआर (हवा-इंधन प्रमाण) पुन्हा कॅलिब्रेट करा. की ऑन, इंजिन बंद असताना पुण्यात मॅप (मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब) ९५ केपीएच्या (किलोपास्कल) आसपास दिसायला हवा, कारण शहर साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. गार इंजिनवर कूलंट आणि हवेचं तापमान जवळपास सारखं यावं.

आता स्पार्कची दिशा तपासून फक्त कॉइल जोडा, टायमिंग १० अंशांवर फिक्स करा आणि स्टार्टर फिरवून टायमिंग लाइटने पुलीवरची खूण बघा. ती जुळल्यावरच इंजेक्टर जोडा.