ऐरोलीत नोकरीला येताय? आधी जॉइनिंग बोनसचं कलम वाचा

लातूरहून मी 2011 साली नवी मुंबईतल्या ऐरोलीत आलो. तेव्हापासून दर जूनला गावाकडचं कुणी ना कुणी बॅग घेऊन दारात उभं असतं आणि मला तेच पुराण पुन्हा लावावं लागतं. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

राहायला घणसोली, रबाळे, ऐरोली बघा. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल नऊ-दहा नंबरवरून सुटते. वाशीची असो की पनवेलची, ऐरोलीला थांबते. फ्लॅट ऐसपैस मिळतो म्हणून घोडबंदर रोडला जाऊ नका, आयुष्य ट्रॅफिकमध्ये जाईल. भाडेकरार नोंदवलेलाच घ्या. ती जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे, तरी एजंट ‘कशाला उगाच खर्च’ म्हणतोच.

आता सॉफ्टवेअरच्या नोकरीचा इंटरव्ह्यू. हल्ली मी समोरच्या खुर्चीत बसतो. आपली पोरं हुशार असतात, पण प्रश्न आला की तोंडाला कुलूप. परवा एकाला विचारलं, यादीतले असे दोन आकडे शोध ज्यांची बेरीज अमुक येईल. पठ्ठ्याने मान खाली घालून पंधरा मिनिटं कोड लिहिला. बरोबर होता, पण लूपमध्ये लूप, म्हणजे प्रत्येक आकडा बाकी सगळ्यांशी जोडून बघायचा. म्हटलं, यादीत 1 लाख आकडे असतील तर? गप्प. सुमारे 500 कोटी जोड्या तपासाव्या लागतील, एवढं जरी बोलला असता तरी पुढचं त्यालाच सुचलं असतं: पाहिलेला आकडा हॅशमॅपमध्ये (हवं ते लगेच सापडेल अशा नोंदवहीत) टाकत जायचा आणि नव्या आकड्याचा जोडीदार तिथे आहे का बघायचं. एका फेरीत काम होतं. इंग्रजी अडखळलं म्हणून कुणी मार्क कापत नाही, पण डोक्यात काय चाललंय तेच कळलं नाही तर मी फीडबॅकमध्ये लिहू काय?

फ्रेशर असाल तर सिस्टिम डिझाइनवर, म्हणजे मोठी सिस्टिम कशी उभारायची या प्रश्नांवर, जीव काढू नका.

दोन वर्षांचा खोटा अनुभव ‘लावून देणारे’ क्लासवाले भेटतील. त्यांचे नंबर आपल्याच जिल्ह्यातली पोरं एकमेकांना देतात, याची मला चीड येते. पीएफचा यूएएन, म्हणजे तुमचा कायमचा नंबर, नोकऱ्या बदलल्या तरी एकच असतो. कुठे कधी लागलात, कधी सोडलंत, सगळं त्यात दिसतं. व्हेरिफिकेशनमध्ये सापडलात की गेली नोकरी.

सीटीसीच्या (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आकड्याला भुलू नका, महिन्याला हातात किती पडतील ते विचारा. आणि जॉइनिंग बोनस, म्हणजे रुजू होताना मिळणारी एकरकमी रक्कम. 2016 साली मला 2 लाख मिळाले. टॅक्स कापून खात्यात साधारण 1 लाख 38 हजार आले, त्यात गावच्या घराचा स्लॅब पडला. नवव्या महिन्यात दुसरी ऑफर आली, मी राजीनामा टाकला. एचआरने कलम दाखवलं: वर्षाच्या आत सोडल्यास बोनस परत, तोही पूर्ण 2 लाख. न बघितलेले 62 हजारही माझ्याच खिशातून. सही करण्याआधी एचआरला मेलवर विचारा, फोनवर नको: वसुली टॅक्सआधीच्या रकमेची की हातात पडलेल्या? महिन्यागणिक कमी होते का?

पैसे भरेपर्यंत माझं रिलीव्हिंग लेटर (जुन्या कंपनीने मोकळं केल्याचं पत्र) अडलं, त्यापायी नव्या कंपनीतलं जॉइनिंग दोन आठवडे पुढे गेलं. त्या महिन्याचं भाडं रूममेटने भरलं.