डिझेलचा खप वाढला म्हणजे नेमकं काय वाढलं? तेलाचे आकडे वाचताना या चुका टाळा

दर महिन्याच्या सुरुवातीला एक बातमी ठरलेली असते. 'डिझेलचा खप वाढला, अर्थव्यवस्थेला गती', नाहीतर 'डिझेलची मागणी घटली, मंदीची चाहूल'. बातमीतला आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो. घोळ होतो तो त्यावरून काढलेल्या निष्कर्षात.

आकडे मिळवणं अवघड नाही. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाचा पेट्रोलियम प्लॅनिंग अँड अ‍ॅनालिसिस सेल, म्हणजे पीपीएसी, कच्च्या तेलाचं उत्पादन, आयात, रिफायनऱ्यांचं काम आणि पेट्रोल-डिझेलचा खप दरमहा जाहीर करतो, तोही फुकट. फाईल उतरवली की पाच मिनिटांत आलेख तयार होतो. त्यामुळेच विद्यार्थी, पत्रकार, शेअर बाजारवाले असे सगळेच पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी अडखळतात.

विकलेलं तेल आणि जळलेलं तेल

तक्त्यात 'खप' लिहिलेलं असलं तरी मोजलेली असते विक्री. कंपनीकडून माल सुटला की नोंद होते. तो ट्रकच्या इंजिनात जळला, पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पडून राहिला की कोणी पिंपात भरून ठेवला, हे त्या आकड्याला माहीत नसतं. एरवी याने फार बिघडत नाही. भाव बदलायच्या किंवा टंचाईच्या काळात मात्र सगळं चित्रच फिरतं.

मार्च २०२२ घ्या. युक्रेन युद्धामुळे कच्चं तेल भडकलं होतं, पण पंपावरचे दर नोव्हेंबर २०२१ पासून जिथल्या तिथे होते. थेट कंपनीकडून घाऊक डिझेल घेणाऱ्यांना मात्र वाढीव भाव लागला. मुंबईत घाऊक डिझेल लिटरला १२२ रुपयांवर गेलं आणि पंपावर ते ९४ रुपयांना मिळत होतं. लिटरमागे अठ्ठावीस रुपये वाचत असतील तर कोण सोडेल? आगारातल्या स्वतःच्या पंपावर डिझेल भरणाऱ्या बस महामंडळांच्या गाड्या रस्त्यावरच्या पंपांपुढे उभ्या राहिल्या. जनरेटर चालवणारे मॉलवालेही तिकडेच वळले. दर वाढणारच, हे ओळखून अनेकांनी साठाही केला. पंपांवरची विक्री एकदम उसळली. तेवढाच आकडा पाहून कोणी 'रस्त्यावरची वाहतूक वाढली' म्हटलं असेल, तर ते चूक होतं. बस त्याच होत्या, फेऱ्याही त्याच होत्या, फक्त नोझल बदललं होतं. जानेवारी २०१३ मध्ये घाऊक डिझेलचे भाव मोकळे केले तेव्हाही हेच झालं होतं, म्हणजे हा काही एकदाच घडलेला अपवाद नव्हे.

याच काळाने आणखी एक चकवा दिला. पंधरवड्याचे जे झटपट आकडे बातम्यांत येतात ते इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांचे असतात. बाजाराचा सुमारे नव्वद टक्के हिस्सा त्यांचा, म्हणून ते प्रातिनिधिक मानले जातात. पण २०२२ मध्ये तोटा नको म्हणून खासगी कंपन्यांनी पंपांवरची विक्री आवरती घेतली आणि ते गिऱ्हाईक सरकारी पंपांवर आलं. पुढे खासगी पंप सवलती देऊन पुन्हा उभे राहिले तेव्हा गिऱ्हाईक परत गेलं. पहिल्या वेळी सरकारी कंपन्यांची विक्री अवास्तव फुगलेली दिसली, दुसऱ्या वेळी खंगलेली. घाईची बातमी द्यायचीच असेल तर 'तीन कंपन्यांची विक्री' असं स्पष्ट लिहा आणि पीपीएसीचा पूर्ण महिन्याचा आकडा आल्यावर पुन्हा तपासा.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरोधात टँकरचालक संपावर गेले, तेव्हा मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या तेल डेपोंतून निघणारे टँकर थांबले आणि पंपांवर रांगा लागल्या. ज्याच्या गाडीत अर्धी टाकी होती तोही ती काठोकाठ भरून गेला. अशा आठवड्यातली विक्री हे भीतीचं मोजमाप असतं. तेवढ्या दिवसांवरून वाढ किंवा घट काढायला जाऊच नका.

महिना तोच, सण वेगळा

तुलना बहुधा गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी होते. ऋतूंचा फरक आपोआप वजा होतो, म्हणून ही पद्धत चांगलीच. पण सण इंग्रजी कॅलेंडर पाळत नाहीत. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. दिवाळीत ट्रकचालक गावी जातात, मालवाहतूक मंदावते आणि डिझेल पडतं. याउलट दिवाळीआधीचे आठवडे माल पोचवण्याच्या धांदलीचे असतात. हे आठवडे एका वर्षी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर दोन्हींत विभागले गेले, दुसऱ्या वर्षी जवळजवळ पूर्ण ऑक्टोबरात पडले. मग नोव्हेंबरची नोव्हेंबरशी तुलना करून काय साधणार? ऑक्टोबर-नोव्हेंबरची बेरीज करून ती गेल्या वर्षीच्या बेरजेशी ताडून बघा. बराचसा चमत्कार तिथेच विरतो.

फेब्रुवारी २०२४ ला २९ दिवस होते. एका दिवसाने साडेतीन टक्के 'वाढ' आयती मिळाली आणि पुढच्या फेब्रुवारीत तेवढीच 'घट'. महिन्याचा आकडा दिवसांनी भागून रोजची सरासरी काढायची, इतका साधा उपाय आहे. आश्चर्य म्हणजे तो फार कमी जण करतात.

सलग दोन महिन्यांची तुलना तर त्याहून धोक्याची. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की डिझेल उतरतंच: रस्त्यांची कामं थांबतात, शेतातली डिझेल इंजिनं बंद होतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ससून डॉकपासून मालवणपर्यंत ट्रॉलर नांगरून पडतात आणि मच्छीमार सोसायट्यांच्या पंपांना फारसं गिऱ्हाईक नसतं. पुढे ऊस गाळप सुरू झालं की पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात आणि आकडा वर चढतो. जुलैची घसरण पाहून मंदीची हाकाटी करणाऱ्याने आधी खिडकीबाहेर पाऊस पडतोय का ते बघावं.

आणि एप्रिल २०२०. टाळेबंदीच्या त्या महिन्यात देशात डिझेल विकलं गेलं सुमारे साडेबत्तीस लाख टन, वर्षभरापूर्वी ते त्र्याहत्तर लाख टनांच्या आसपास होतं. एप्रिल २०२१ मध्ये वाढ शंभर टक्क्यांच्या वर दिसली, तरी विक्री एप्रिल २०१९ पेक्षा कमीच होती. दीर्घ काळाचा आलेख काढताना २०२०-२१ पायाभूत वर्ष म्हणून कधीही धरू नका.

टन, लिटर, पिंप

भारतात खप वजनात मोजतात, पंपावर तेल लिटरमध्ये मिळतं आणि जगाचा बाजार पिंपात, म्हणजे बॅरलमध्ये, बोलतो. कच्च्या तेलाचं एक टन म्हणजे साधारण ७.३३ पिंपं, हा गुणक सगळ्यांना पाठ असतो आणि तोच पेट्रोललाही लावला जातो. पेट्रोल हलकं असतं. एका टनात साधारण १,३५० ते १,४०० लिटर भरतात, म्हणजे साडेआठ ते पावणेनऊ पिंपं. डिझेलचं टन सुमारे १,२०० लिटरचं. २०२४-२५ मध्ये देशात पेट्रोल सुमारे चार कोटी टन खपलं, त्याचे साडेपाच हजार कोटी लिटरच्या आसपास होतात. कच्च्या तेलाचा गुणक लावलात तर त्यातले सुमारे आठशे कोटी लिटर हिशोबातून गायब.

पीपीएसीच्या तक्त्यांत काही ठिकाणी हजार टन असतात, काही ठिकाणी दशलक्ष टन. मराठीत लिहिताना दशलक्षाचं लाख होतं आणि आकडा दहापट घसरतो. भारताचा डिझेलचा वर्षाचा खप नऊ कोटी टनांच्या थोडा वर आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी अशी चूक नजरेला लगेच खटकते.

राज्याचं नाव पाहून फसू नका

मुंबई हायचा शोध १९७४ चा, उत्पादन १९७६ पासून. देशातलं हे सर्वात मोठं तेलक्षेत्र. तरीही राज्यवार उत्पादनाच्या तक्त्यात महाराष्ट्र शोधाल तर सापडणार नाही. आसाम, गुजरात, राजस्थान दिसतील. मुंबई हाय 'समुद्रातील' या वेगळ्या रकान्यात असतं आणि त्याची रॉयल्टीही राज्याला नाही, केंद्राला जाते. ते तेल समुद्राखालच्या नळाने उरणला येतं आणि मुंबईतल्या माहुलच्या रिफायनऱ्यांना मिळतं. पण माहुलची भूक त्याने भागत नाही, मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपावर आयात तेलाची जहाजंही रिकामी होतात. तेव्हा मुंबई हायचं उत्पादन घटलं म्हणून मुंबईत पेट्रोल कमी पडेल, असा सरळ हिशोब मांडता येत नाही.

उलट बाजूने जामनगर. वर्षाला ६८ दशलक्ष टनांची क्षमता असलेलं हे रिफायनरी संकुल गुजरातेत आहे, पण गुजरातच्या खपाशी त्याचा फारसा संबंध नाही. त्यातला मोठा वाटा परदेशी जातो.

राज्यवार विक्रीत सीमेवरचे पंप धरावे लागतात. सिंधुदुर्गातला माणूस बांद्याहून पत्रादेवी ओलांडून गोव्यात पेट्रोल भरतो, कारण तिथला कर कमी. तलासरीकडची गाडी गुजरातेत भरते. मग कोणीतरी गोव्याची विक्री लोकसंख्येने भागतं आणि 'दरडोई पेट्रोल खपात गोवा पुढे' असा मथळा देतं. त्या विक्रीत पर्यटकांच्या भाड्याच्या स्कूटर असतात आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या गाड्याही. कर बदलले की हा ओघही बदलतो. कर्नाटकने जून २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलवरचा कर वाढवला, त्यामुळे त्यानंतरचे निपाणीकडचे आकडे आधीच्यांशी ताडताना जपून.

रस्ता आणि टाकी यांचा हिशोब

डिझेल म्हणजे वाहतूक, हे समीकरण अर्धवट आहे. पीपीएसीने करून घेतलेल्या आणि २०१४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या पाहणीत ७० टक्के डिझेल वाहतुकीला जात होतं आणि शेतीला सुमारे १३ टक्के. पेट्रोल जवळपास सगळंच वाहतुकीचं. लोक आजही तेच प्रमाण वापरतात. दरम्यान रेल्वे जवळजवळ पूर्ण विजेवर गेली, कोकण रेल्वेचं विद्युतीकरणसुद्धा २०२२ मध्ये पुरं झालं. वापरायचंच असेल तर पाहणीचं वर्ष सोबत लिहा.

मुंबईतल्या रिक्षा-टॅक्सी सीएनजीवर चालतात आणि सीएनजी पेट्रोलियम पदार्थांच्या तक्त्यात नसतो, तो नैसर्गिक वायूच्या हिशोबात येतो. फक्त पेट्रोल-डिझेल पाहून मुंबईकर किती फिरतात हे कळणार नाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. पेट्रोलची विक्री वाढली म्हणून त्या प्रमाणात कच्चं तेल जास्त लागलं, असं होत नाही. शिवाय इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते, त्यामुळे तेवढ्याच अंतराला थोडे जास्त लिटर लागतात. लिटर वाढले त्यात प्रवास किती वाढला आणि मिश्रणामुळे किती, हे वेगळं काढावं लागतं.

शंभर टक्क्यांहून जास्त आयात?

२०२४-२५ मध्ये कच्च्या तेलाची आयात २४ कोटी टनांच्या वर होती आणि देशातला एकूण खप सुमारे २३.९ कोटी टन. भागाकार केलात तर आयातीवरचं अवलंबन शंभराच्या वर जातं, आणि समाजमाध्यमांवर हा आकडा खरोखर फिरतो. आयात तेलातून बनलेले सहा कोटी टनांहून जास्त पदार्थ आपण निर्यात करतो, ते यात विसरलं जातं. पीपीएसी उलट बाजूने मोजतो: देशी तेलातून बनलेल्या मालाने खपाचा किती भाग भागला, उरलेलं अवलंबन. ते ८८ टक्क्यांच्या आसपास येतं.

कुठल्या देशातून किती तेल आलं, यावर जहाजं मोजणाऱ्या संस्थांचे आणि सीमाशुल्काचे आकडे सहसा जुळत नाहीत. इराकमधल्या बसऱ्याहून निघालेलं जहाज आठवडाभरात पश्चिम किनाऱ्याला लागतं, रशियाच्या बाल्टिक बंदरातून निघालेल्याला महिना लागतो. एक आकडा भरलेल्या मालाचा, दुसरा उतरलेल्या मालाचा असेल तर ते जुळणारच नाहीत. रशियन तेल 'अचानक घटलं' अशी बातमी आली की ती कुठल्या टोकाला मोजली आहे, ते आधी पाहा.

एवढं करूनही बेरीज चुकत असेल तर वर्ष तपासा. पीपीएसीचं वर्ष एप्रिल ते मार्च, परदेशी संस्थांचं जानेवारी ते डिसेंबर, इथेनॉलचं आता नोव्हेंबर ते ऑक्टोबर. तरी फरक उरला तर आकड्याशेजारी 'तात्पुरता' अशी खूण आहे का बघा. असे आकडे पुढच्या महिन्यांत दुरुस्त होतात, म्हणून जुनी फाईल वापरण्यापेक्षा ताजी उतरवून घ्या आणि उतरवल्याची तारीख फाईलच्या नावातच टाका.