रात्रीचा कॅमेरा: उजेड कुठून परत येतोय ते आधी बघा

सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘नाइट व्हिजन ३० मीटर’ छापलेलं असतं आणि जानेवारीच्या धुक्यात, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या घरासमोर, तोच कॅमेरा पांढऱ्या पडद्याशिवाय काही दाखवत नाही. मग लोक आणखी महागडा कॅमेरा आणतात आणि पडदा आणखी पांढरा होतो. रात्रीचं चित्र बहुतेक वेळा उजेड कमी पडून बिघडत नाही. जवळच्याच कशावर तरी आपटून उजेड लेन्सवर परत येतो, म्हणून बिघडतं.

नाइट व्हिजन म्हणून तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. सैनिक डोळ्यांवर लावतात ती दुर्बीण चांदण्यांचाच उजेड वाढवते. फोटोकॅथोड या प्रकाशसंवेदी थरावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात, मायक्रोचॅनल प्लेटच्या बारीक छिद्रांतून जाताना ते हजारो पटींनी वाढतात आणि फॉस्फरच्या पडद्यावर हिरवट चित्र उमटतं. हे सगळं एका नळीत घडतं; अशा नळ्या पुण्यात भोसरीलाही बनतात. घराला त्यांचा उपयोग नाही.

दुसरा थर्मल कॅमेरा. तो ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीच्या उष्णतेच्या लहरी टिपतो. साधी काच त्या अडवते, म्हणून त्याची भिंगं जर्मेनियमची असतात आणि खिडकीच्या काचेआडून त्याला बाहेरचं काही दिसत नाही. शेतात कोणी शिरलं का, हे कळायला उत्तम; चेहरा किंवा नंबरप्लेट ओळखायला कुचकामी. मे-जूनमध्ये दिवसभर तापलेली दगडी भिंत रात्री माणसाच्या अंगाइतकीच गरम असेल, तर माणूस भिंतीत मिसळून जातो. चंबळ नदीतल्या घडियालांचंही (लांब तोंडाच्या सुसरींचंही) तसंच, त्यांचं अंग पाण्याइतकंच गार. त्यांना रात्री हुडकायला साधी बॅटरी बरी, उजेडात डोळे चमकतात.

घराला-दुकानाला लागतो तो तिसरा. याच्या अंगावरचे एलईडी ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड उजेड फेकतात. आपल्याला तो जवळजवळ दिसत नाही, सेन्सरला दिसतो. दिवसा सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारा एक फिल्टर असतो, अंधार पडला की ‘टिक्’ आवाज करून तो सरकतो आणि चित्र काळं-पांढरं होतं. फिल्टर अडकला तर दिवसा झाडं जांभळट दिसतात किंवा रात्री सगळं काळंकुट्ट. ८५० वाल्यात एलईडीचे ठिपके मंद लाल दिसतात. ९४० वाले अजिबात दिसत नाहीत, पण सेन्सर त्या लहरींना बराच कमी दाद देतो, त्यामुळे पल्ला घटतो. एलईडी चालू आहेत का, हे मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा; जांभळट ठिपके दिसायला हवेत.

आता बसवणं. उंची अडीच ते तीन मीटर, तोंड थोडं खाली. चित्राच्या चौकटीत छज्जा, भिंतीची कड, जाळी किंवा कडुनिंबाची फांदी एक मीटरच्या आत येता कामा नये. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो: एका मीटरवरच्या पांढऱ्या छज्ज्यावर दहा मीटरवरच्या माणसापेक्षा शंभर पट उजेड पडतो. कॅमेरा त्या झगझगाटाला जुळवून घेतो आणि माणूस काळा राहतो. पानं तर इन्फ्रारेडमध्ये पांढरीशुभ्र दिसतात, म्हणून फांदी दिसते त्याहून जास्त त्रास देते.

खोक्यावरचे ३० मीटर म्हणजे ‘काहीतरी हललं’ एवढं दिसण्याचं अंतर. चेहरा ओळखायचा तर चौकटीच्या रुंदीत दर मीटरला सुमारे २५० पिक्सेल लागतात. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात १९२० पिक्सेल, म्हणजे पावणेआठ मीटर रुंदी. लेन्सचा मिलिमीटरचा आकडा जितका लहान तितकी ती जास्त रुंद बघते: २.८ मिलिमीटरच्या लेन्सला ही रुंदी चार मीटरवरच भरते, ४ मिलिमीटरला साडेपाच मीटरवर. फाटक कॅमेऱ्यापासून दहा मीटर दूर असेल तर ८ मिलिमीटरची लेन्स घ्या.

धुक्याचं बोलायचं तर ‘इन्फ्रारेड धुक्यातून आरपार बघतं’ हे दुकानदाराचं वाक्य सोडून द्या. धुक्याचे थेंब ८५० नॅनोमीटरच्या लहरीपेक्षा बरेच मोठे असतात, म्हणून हा उजेडही साध्या उजेडासारखाच विखुरतो. गाडीचा अप्पर मारल्यावर होतं तेच. उपाय एकच कामाचा: कॅमेऱ्याच्या अंगचा आयआर (इन्फ्रारेड) उजेड सेटिंगमधून बंद करा आणि वेगळा आयआर दिवा दीड-दोन मीटर बाजूला, शक्यतो खाली लावा. लेन्ससमोरचं धुकं मग उजळत नाही. दाट धुक्यात तरीही पाच-सात मीटरपलीकडे फार अपेक्षा ठेवू नका. कोळ्यांचाही याच युक्तीने बंदोबस्त होतो: एलईडीभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो आणि लेन्ससमोर जाळं हललं की रात्रभर मोबाइलवर सूचना. दिवा दूर गेला की किडेही तिकडे.

डोम कॅमेऱ्यात (अर्धगोल पारदर्शक झाकणाच्या) राखाडी धुरकट वर्तुळ दिसत असेल तर आतली फोमची रिंग काचेला नीट टेकलेली नाही, एलईडीचा उजेड आतल्या आत फिरून लेन्समध्ये येतोय. रिंग बसवा आणि डोम ओल्या मऊ फडक्याने पुसा. धूळ कोरडी घासली की ओरखडे पडतात, आणि प्रत्येक ओरखडा रात्री चमकतो.

दिवसा ठीक, अंधार पडताच कॅमेरा बंद-चालू होत असेल तर दोष विजेचा. एलईडी लागले की प्रवाह वाढतो. १२ व्होल्ट साध्या कॅट-५ (नेटवर्कच्या) तारेच्या एका जोडीने ३० मीटर नेले, तर अर्ध्या अँपिअरला सुमारे अडीच व्होल्ट वाटेतच जातात. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त तारेत त्याहून जास्त. रात्री एलईडी चालू असताना मल्टिमीटर कॅमेऱ्याच्या टोकाला लावा, अडॅप्टरच्या नव्हे. ११ व्होल्टच्या खाली दिसलं तर अडॅप्टर जवळ आणा, तार जाड करा किंवा पीओई (नेटवर्कच्या तारेतूनच वीज देण्याची पद्धत) वापरा.

सेटिंगमध्ये शटर (प्रत्येक चित्राला उजेड घेण्याचा वेळ) १/२५ सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. चित्र उजळ दिसेल, पण चालणारा माणूस नुसता पुसट पट्टा होईल. नंबरप्लेटसाठी वेगळाच कॅमेरा लावा, शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान आणि गेन (चित्र उजळवणारं सेटिंग) कमी, नाहीतर प्लेट पांढरी चौकट होऊन बसते.

आणि पोलिसांत फुटेज देताना कपड्यांचा रंग सांगू नका. काळा सुती शर्ट इन्फ्रारेडमध्ये कित्येकदा फिकट, जवळजवळ पांढरा दिसतो. अंगकाठी, चाल, हातातली वस्तू आणि वेळ एवढंच सांगा. डीव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ किती मिनिटं पुढे-मागे आहे, तेही लिहून द्या.