कुंडीतले पांढरे मणी: गोगलगायीची अंडी कशी ओळखली, कशी काढली

लक्षण असे: रात्रीत कोवळी पाने कुरतडलेली, मातीवर चकचकीत चिकट माग. मोठ्या बिनशंखी गोगलगायी वेचूनही आठवड्यांनी बारीक पिल्ले पुन्हा हजर. वैताग! विषारी गोळ्या फक्त खाणाऱ्या गोगलगायीला लागतात, अंड्यांना नाही. मीठ तर मातीच बिघडवते.

खरी जागा कुंडीखाली होती. हातमोजे घालून आधी कुंडी उचला. बूड, निचऱ्याचे भोक, ताटलीची कड पाहा. मग वरची ३ ते ५ सेंमी माती चमच्याने हळू उकरा. अंडी २ ते ४ मिमीची, अर्धपारदर्शक, मऊ, आणि पुंजक्यात असतात. हळूहळू विरघळणाऱ्या खताचे दाणे टणक, सुटे विखुरलेले. त्यांना अंडी समजून फेकू नका.

पुंजका मातीसकट उचलून उकळत्या पाण्यात टाका. नुसता कचऱ्यात टाकला तर ओलाव्यात अंडी फुटून पिल्ले निघू शकतात. उकरलेली माती पातळ पसरून कडक उन्हात पूर्ण वाळवा, अंडी कोरडी पडून मरतात. ताटलीतले पाणी ओता, कुंडी विटांवर ठेवा, पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घाला.

उबदार हवेत अंडी साधारण २ ते ४ आठवड्यांत फुटतात, म्हणून ही तपासणी दर पंधरवड्याला.